एकाच ताक्यातले

माझ्या मुलीच्या शाळेने गणवेश ठेवायचा की काढून टाकायचा यावर पालकांची मतं मागवली आणि आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कंठ फुटला. एरवी त्या ग्रुपवर सणांची फुलं आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या याशिवाय काही येत नाही. आता तिथे गुजरातीत, हिंदीत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत जुंपली. एक बाई लिहीत होत्या की गणवेशाने शिस्त लागते. दुसऱ्या म्हणत होत्या की शिस्त घरी लावा, शाळेवर ढकलू नका. एका गृहस्थांनी त्या धामधुमीतही आपल्या दुकानातल्या नव्या ड्रेस मटेरियलचे फोटो टाकून घेतले. सुरतेत कपड्यावरून भांडण होणार आणि कापडवाला मागे राहणार, असं होत नाही.

मी गणवेशाच्या बाजूची. आणि मी ज्या बाजूची असते त्या बाजूची जरा जास्तच असते, हे आमच्या बँकेतले लोकही सांगतील. घरी तर यावरून मुलीशी चांगलंच वाजलं. ती आठवीत आहे. मैत्रिणींशी गुजराती बोलते, माझ्याशी मराठी, आणि वाद घालायचा असला की दोन्ही. तिचं म्हणणं असं की गणवेशाने सगळे सारखे दिसतात हा मोठ्यांचा भ्रम आहे. बूट बघ, घड्याळ बघ, दप्तर बघ, डबा बघ, आणि मग सांग कोण सारखं आहे. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला आणखी राग आला. मी म्हटलं, तुला काय कळतंय. मग ती आत गेली आणि दार जरा जोरात लागलं.

मला काय कळत होतं ते मात्र मी तिला सांगितलं नाही. माझ्याकडे भेस्तानच्या दिवसांतली एक गोष्ट होती आणि ती मी पालकांच्या सभेत उभं राहून सांगायची ठरवली होती.

मी शाळेत असताना आम्ही सुरतेच्या कडेला, भेस्तानला राहायचो. एका ओळीत खोल्या, पुढे लांब ओटा, टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. बहुतेक बिऱ्हाडं खानदेशातून आलेली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि भांडणात हिंदी, अशी आमची व्यवस्था होती. माझे वडील प्रिंटिंग मिलमध्ये होते. ओळीतल्या जवळजवळ सगळ्यांचेच वडील त्याच मिलमध्ये होते. संध्याकाळी वडील घरी आले की त्यांच्या नखांकडे बघून त्या दिवशी मिलमध्ये कोणता रंग चालू होता ते आम्हाला कळायचं. राणी कलर असला की तो आठवडाभर जायचा नाही, आणि आई त्यांना भाकरी वाढताना हसायची.

मिलमध्ये छपाई बिघडली की तो माल बाजारात जात नसे. तो कामगारांच्या घरी यायचा, बहुधा दिवाळीला, मिठाईच्या डब्याबरोबर. तुकडा नव्हे, अख्खा ताका. ताका म्हणजे कापडाचा पूर्ण तागा. सुरतेत ताकाच म्हणतात. एवढं कापड घरात आलं की ते संपेपर्यंत आई मशीनवरून उठायची नाही. माझा फ्रॉक, भावाचा शर्ट, तिचा स्वतःचा ब्लाऊज, उशांचे अभ्रे, खिडकीचा पडदा आणि उरलेल्याची पिशवी. गावाला धुळ्याकडे लग्नाला गेलो की आम्ही एस्टीतून एकाच छापाचे उतरायचो. लोक लांबूनच म्हणायचे, सुरतवाले आले. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता अशाच एका लग्नातला फोटो बघते तेव्हा आम्ही चौघं किती एकमेकांचे दिसतो, यानेच मला भरून येतं.

त्या मानाने शाळेचा गणवेश मला फार आवडायचा. आकाशी शर्ट, गडद निळा स्कर्ट, लाल रिबिनी. तो आईने निवडलेला नव्हता आणि मिलमध्ये बिघडलेला नव्हता. माझी शाळा मराठी माध्यमाची, घरापासून चालत जाण्याएवढी. बाकावर माझ्या शेजारी जी मुलगी बसायची ती आमच्याच ओळीतली, शेवटच्या खोलीतली. तिचे वडील मिलमध्ये नव्हते. ते चलथाणच्या बाजूला उसाच्या कामावर जायचे आणि हंगाम सुरू झाला की महिनोन् महिने तिकडेच राहायचे. तिची आई घरी साड्यांचं धागा कटिंग करायची. भरतकाम झालेल्या साडीच्या उलट बाजूला धागे लोंबत राहतात, ते बारीक कात्रीने कापायचे. त्यांच्या खोलीत कायम साड्यांचे गठ्ठे असायचे, एकाहून एक झगमगीत, आणि त्यातली एकही त्यांची नसायची.

माझी मैत्रीण गणवेश सगळीकडे घालायची. बाजारात, गणपतीला, ओळीतल्या बारशाला. स्कर्टची घडी मोडू नये म्हणून ती बसतानाही आधी हाताने मागून सारखा करायची. मला वाटायचं तिला माझ्यासारखाच तो फार आवडतो. एकदा मी तसं म्हटलंही, तर ती म्हणाली, छान दिसतो. मला तेवढं पुरलं.

त्या वर्षी दिवाळीला मिलमधून जो ताका आला तो मी जन्मभर विसरणार नाही. मोहरीच्या फुलासारखा पिवळा रंग आणि त्यावर मोठाली गुलाबी फुलं. छपाई सरकलेली. फूल एकीकडे आणि त्याची काळी कड दुसरीकडे, जणू प्रत्येक फुलातून कोणीतरी आत्ताच उठून गेलंय. कापड पॉलिस्टर, त्यामुळे अंगाला चिकटायचं आणि डोक्यावरून काढताना चटचट आवाज यायचा. आईने नेहमीप्रमाणे मशीन ओढलं. ओळीतल्या इतर आयांनीही ओढलं. दिवाळीत आमची ओळ एखाद्या मोहरीच्या शेतासारखी दिसत होती.

सुट्टी संपून शाळा उघडली आणि मोठ्या बाईंनी एक नवीन गोष्ट जाहीर केली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंच, कडक, आणि आतून मऊ असल्याचं कोणाला कळू नये याची काळजी घेणाऱ्या. त्यांचं म्हणणं, बहुतेक मुलांकडे गणवेशाचा एकच जोड आहे, शनिवारपर्यंत त्याची दशा होते, तर शनिवारी रंगीत कपडे घालून या, आया निवांत धुतील. विचार चांगलाच होता. आमच्या वर्गात तर आनंदाला पारावार राहिला नाही.

पहिल्या शनिवारी सकाळी प्रार्थनेला मोठ्या बाई पायरीवर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. पटांगणभर पिवळंच पिवळं होतं. मुलींचे फ्रॉक पिवळे, मुलांचे शर्ट पिवळे, त्यावर त्याच सरकलेल्या कडांची तीच गुलाबी फुलं. ज्यांच्याकडे दुसरं काही होतं त्यांनीही दिवाळीचा नवा कपडा म्हणून हाच घातला होता. सातवीतले मिसरूड फुटलेले मुलगे फुलाफुलांच्या शर्टात मान खाली घालून उभे होते. बाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

"मी गणवेश बंद केला होता ना?" त्यांनी शेजारच्या सरांना विचारलं.

सर हसले, मग बाई हसल्या, मग सगळी शाळा हसली. आम्हीही हसलो, पण मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या कपड्याची लाज वाटली नाही. इतके सगळे असल्यावर लाज कसली वाटणार?

त्या पिवळ्या रांगेत माझी मैत्रीण आकाशी शर्टात होती. कोणीतरी तिला म्हणालं, अगं, आज शनिवार. ती म्हणाली, विसरले. तेव्हा कोणाला त्यात काही वाटलं नाही. पुढच्या शनिवारी ती पुन्हा गणवेशात आली आणि पुन्हा म्हणाली, विसरले. या वेळी मागच्या बाकावरून कोणीतरी फिदीफिदी हसलं. त्याच्या पुढच्या शनिवारी ती आलीच नाही.

मी घरी जाताना त्यांच्या खोलीत डोकावले. ती आईशेजारी बसून धागे कापत होती. तिचा हात आईपेक्षा चलाख चालत होता आणि बाजूला साड्यांचा ढीग वाढलेला होता. पुढच्या शनिवारी तेच. मग एका शुक्रवारीही ती आली नाही, कारण गठ्ठे मोठे आले होते. आमच्या ओळीत मुलींची शाळा कशी सुटते हे मला चांगलं माहीत होतं. कोणी नको म्हणत नाही, कोणी रागावत नाही. आधी एक दिवस घरी, मग दोन, आणि मग एक दिवस ती मुलगी ओट्यावरून आपल्याला शाळेत जाताना बघते. माझ्या शेजारच्या खोलीतली ताई अशीच ओट्यावर राहिली होती. माझ्या मैत्रिणीचं तसं होऊ नये एवढंच मला हवं होतं. बाकावर एकटं बसायला मला अजिबात आवडत नव्हतं, हेही त्यात होतंच.

मी आईला सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं, कपाटावरचं उरलेलं पिवळं कापड काढलं आणि त्याच संध्याकाळी माझ्या मापावर, पण जरा सैल, एक फ्रॉक शिवला. वडील कुरकुरले की ते कापड गावाच्या उशांसाठी ठेवलं होतं. आई म्हणाली, गावाच्या उशा शाळेत जात नाहीत. मग पिशवीत फ्रॉक घालून आम्ही दोघी शेवटच्या खोलीत गेलो.

आईने फार जपून विषय काढला. कापड फुकटचं, उरलेलं, घरात पडून खराब होईल, असं बरंच काही. मैत्रिणीची आई कात्री चालवत ऐकत होती. मग तिने कात्री खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मनी पोर उघडी नही शे, बहीन."

माझी पोर काही उघडी फिरत नाही, असं तिचं म्हणणं. आईचा चेहरा पडला. ती काही बोलायच्या आत त्या बाईने आपल्या मुलीकडे वळून विचारलं, "तुले जोयजे का?" म्हणजे, तुला हवाय का? माझ्या मैत्रिणीने साडीवरून नजर वर न करता नाही म्हणून मान हलवली आणि ती पुन्हा धागे कापायला लागली.

परत येताना मला रडू येत होतं आणि रागही. एवढा शिवलेला फ्रॉक नको म्हणते म्हणजे काय. आईने मला गप्प केलं. म्हणाली, तिचं बरोबर आहे, मीच चुकीच्या रीतीने गेले. दुसऱ्या दिवशी तिने तो फ्रॉक उसवला आणि त्याचे अभ्रे झाले.

शनिवारी सकाळी आईने माझा पिवळा फ्रॉक काढून ठेवला होता. मी तो घातला नाही. शाळेचा ड्रेस आदल्या संध्याकाळी धुऊन दोरीवर टाकलेला होता, तोच ओढून अंगावर चढवला. कॉलर ओली होती आणि डिसेंबरची सकाळ, मान काकडली. आईने पिवळा फ्रॉक पुन्हा घडी करून ठेवला. मी शेवटच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. मैत्रीण केस विंचरत होती. तिने माझ्या शर्टाकडे पाहिलं.

"मी पण विसरले," मी म्हटलं.

ती जराशी हसली. मग तिने आईकडे पाहिलं. तिच्या आईने माझ्या ओल्या कॉलरला हात लावला, मला आत ओढून मान फडक्याने पुसली आणि मुलीला म्हणाली, जाय. दोघी धावतच निघालो, कारण प्रार्थनेची घंटा होत होती.

त्या वर्षी पुढचे सगळे शनिवार आम्ही दोघी गणवेशात गेलो. बाकीच्या मुलींनीही आमच्यासाठी फ्रॉक सोडून दिले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. त्या मजेत पिवळ्या फ्रॉकमध्येच येत राहिल्या, आम्हाला विसरभोळ्या म्हणून चिडवत राहिल्या, आणि होळीपर्यंत ते फ्रॉकच आखूड झाले. पुढच्या जूनमध्ये मोठ्या बाईंनी शनिवारही पुन्हा गणवेशाचा केला; का, ते त्यांनी सांगितलं नाही. माझी मैत्रीण माझ्या शेजारी बसून दहावी पास झाली. मी त्या दोन आकाशी शर्टांची आठवण इतकी वर्षं अंगाशी उबेसारखी धरून ठेवली होती. गणवेशाविरुद्ध कोणी बोललं की मला त्या मुलीचाच अपमान झाल्यासारखा वाटायचा.

तर सभेत ही गोष्ट सांगायची, पण तिला विचारून, म्हणून मी फोन लावला. ती आता बारडोलीला असते. नवऱ्याबरोबर हार्डवेअरचं दुकान बघते आणि दुकानात बसून तिचा आवाज मोठा झालाय. तिच्या मुलीचा साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे आधी हॉल, जेवण आणि सासरच्यांची नाटकं यावर भरपूर बोलणं झालं. मग मी तिला सांगितलं की मुलीच्या शाळेत असा असा वाद आहे, आणि मी आपली शनिवारची गोष्ट सांगणार आहे, तुझं नाव न घेता. गणवेश किती मोठा आधार असतो ते लोकांना कळू दे. तुला तो किती आवडायचा, मला आठवतंय ना.

पलीकडे कोणीतरी खिळे मोजून मागत होतं, ते तिने नवऱ्याकडे पाठवलं. मग म्हणाली, "अगं, तो मला कुठे आवडायचा? माझ्याकडे धड कपडा तो एकच होता."

मी म्हटलं, पण आपण दोघी मिळून जायचो ते? ती म्हणाली, ते आवडायचं. तू ओली कॉलर घालून आलीस ते मी माझ्या मुलीलाही सांगितलंय. तू आली नसतीस तर मी आजही धागेच कापत असते, यात काही खोटं नाही. मला बरं वाटलं. मी आता विषय बदलणार होते, तेवढ्यात ती आपण होऊन बोलली. इतकी वर्षं आम्ही फोनवर मराठीत बोलतो. हे ती आपल्या घरच्या बोलीत बोलली.

"माले तो फ्रॉक जोयजे व्हता."

कोणता, हे विचारायची गरज नव्हती. तिच्या आईने विचारलं तेव्हा मान न उचलता ती नाही म्हणाली होती, ते माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं. ती पुढे म्हणाली की आईच्या तोंडावर हो कशी म्हणणार होते. म्हणाली, तो कपडा किती वाईट होता ते मला दिसत होतं, मी काय आंधळी होते? पण तुम्ही सगळ्या त्यात सारख्या दिसायचात. तुमची आई, तू, ओळीतल्या सगळ्या. मला तसं दिसायचं होतं. मग ती हसली आणि म्हणाली, जाऊ दे, तू सांग तुझी गोष्ट, छान आहे.

मी फोन ठेवला. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते की शाळेचा युनिफॉर्म तो आकाशी शर्ट होता. खरा युनिफॉर्म पिवळा होता, आणि तो साऱ्या शाळेत फक्त तिच्याकडे नव्हता.

सभेत मी माझी गोष्ट सांगितली नाही. दोन्ही बाजूंनी जोरजोरात बोलून झालं, आणि तोडगा निघाला की गणवेश राहील, पण शनिवारी मोकळीक. सगळे टाळ्या वाजवत असताना मी उठले आणि माझ्या बऱ्यापैकी गुजरातीत एवढंच म्हटलं की शनिवारी जी मुलगी गणवेशात येईल, तिला का आलीस असं कोणी विचारायचं नाही, शिक्षकांनीही नाही. प्रिन्सिपॉल बाई म्हणाल्या की हो, हो, नक्की. माझ्या शेजारचे गृहस्थ घड्याळ बघत होते. मुलगी बाहेर थांबली होती. रिक्षात तिने विचारलं की शेवटी तू कोणाच्या बाजूने बोललीस. मी तिला भेस्तानची सगळी गोष्ट सांगितली, फ्रॉकसकट. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. उतरताना तिने माझी पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि आमचं भांडण तिथेच मिटलं.

रविवारी मी मुलीला घेऊन रिंग रोडच्या मार्केटमध्ये गेले. पिवळ्यावर गुलाबी फुलं मागितली. दुकानदाराने तसलं आता कोण घालतं अशा नजरेने पाहिलं, पण सुरतेतला कापडवाला नाही म्हणत नाही. त्याने वरच्या फळीवरून एक ताका खाली ओढला. छपाई चोख होती, फुलांच्या कडा जागच्या जागी. तेवढ्यासाठी माझं मन जरा खट्टू झालं, पण रंग जवळपास तोच होता. मी दोन ड्रेसचं कापड कापायला सांगितलं, एक माझ्या मापाचं, एक बारडोलीसाठी, जरा सैल.

"बेन, दोनों सेम? दूसरा कलर दिखाऊं?" त्याने विचारलं आणि निळा ताका अर्धा उलगडलाही.

नको, मी म्हटलं. साखरपुड्याला जायचंय. दोन्ही याच ताक्यातले द्या.